बाब्या आणि कार्टं : कुरोसावाच्या एका अपहरणपटाची चिरफाड

टेकडीवरच्या बंगल्यात फोन वाजतो. पलीकडचा माणूस म्हणतो, तुमचा मुलगा माझ्याकडे आहे, तीन कोटी येन तयार ठेवा. बाप पुढचामागचा विचार न करता कबूल होतो. मागेल तेवढे देऊ, पण पोलिसांना कळवायचं नाही, पोराच्या जिवाला धोका नको. आई हादरून गेलेली आहे. आणि दोनच मिनिटांत ज्याला पळवलं म्हणून हा आकांत चालला आहे, तो मुलगा दारातून आत येतो. खेळायला बरोबर असलेला भिडू कुठे दिसत नाही, एवढीच त्याची तक्रार.

तो भिडू म्हणजे ड्रायव्हरचा मुलगा. दोघांनी खेळता खेळता कपडे बदलले होते. पळवणाऱ्यानं कपडे ओळखले, मुलगा ओळखला नाही.

आता बाप काय करतो? तो पोलिसांना फोन लावायला सांगतो. स्वतःच्या मुलाच्या वेळी जे करायचं नव्हतं, ते दुसऱ्याच्या मुलाच्या वेळी लगेच करायचं असतं. तो दुष्ट नाही, त्याला फक्त हायसं वाटलेलं आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या भाषेनं हे केव्हाच सांगून ठेवलं आहे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावानं त्यावर १४३ मिनिटांचा चित्रपट केला.

चित्रपटाचं जपानी नाव 'तेंगोकु तो जिगोकु', म्हणजे स्वर्ग आणि नरक. बाहेरच्या जगात तो 'हाय अँड लो' या नावानं ओळखला जातो. पुढे सगळ्या कलाटण्या उघड करूनच लिहिलं आहे, तेव्हा ज्यांना चित्रपट कोरा पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावं. खरं तर कलाटण्या माहीत असताना तो जास्त बोचतो असा माझा अनुभव आहे, पण ज्याची त्याची आवड.

प्रकरण असं आहे

चित्रपट १ मार्च १९६३ रोजी तोहो कंपनीनं प्रदर्शित केला. मूळ कल्पना एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाच्या १९५९ सालच्या 'किंग्ज रॅन्सम' या पोलिसी कादंबरीतून घेतलेली. कुरोसावानं तिथून उचलला तो मुख्यतः एकच धागा: चुकीचा मुलगा पळवला गेला, तरी खंडणी श्रीमंतानंच द्यायची. बाकीचं सगळं योकोहामाच्या मातीतलं.

गोंदो हा 'नॅशनल शूज' या कंपनीचा एक संचालक (तोशिरो मिफुने). चांभारकाम शिकत वर आलेला. बायको श्रीमंताघरची, तिच्या हुंड्याचा आधार मिळालेला. कंपनीतले बाकीचे संचालक स्वस्त आणि लवकर फाटणारे बूट बाजारात आणायच्या विचारात आहेत, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा लवकर येईल. चित्रपटाच्या सुरुवातीलाच ते त्याच्या घरी तसा एक नमुना घेऊन येतात आणि गोंदो तो हातांनी उसवून, टराटरा फाडून दाखवतो. हा माणूस मालाशी बेइमानी करणार नाही हे त्या एका कृतीत कळतं. त्याला कंपनीवर ताबा हवा आहे. त्यासाठी त्यानं घरासकट सगळं गहाण टाकून पाच कोटी येन उभे केले आहेत. त्याच रात्री चेक घेऊन सेक्रेटरीनं ओसाकाला जायचं, शेअरचा मोठा गठ्ठा विकत घ्यायचा, आणि गोंदो सगळ्यांच्या वर.

तेव्हा डॉलरचा दर ३६० येनला बांधलेला होता. म्हणजे खंडणीचे तीन कोटी येन साधारण ८३ हजार डॉलर होतात. १९६३ च्या जपानमध्ये ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की पैसे गोंदोचे नाहीतच, कर्जाचे आहेत. ते दिले तर तो श्रीमंतातून मध्यमवर्गात येणार नाही, थेट रस्त्यावर येईल. पटकथेचा पाया इथे पक्का केलेला आहे. श्रीमंतानं थोडे पैसे टाकले असते तर काय बिघडलं असतं, असं म्हणायची सोय प्रेक्षकाला ठेवलेली नाही.

पहिली कलाटणी

अपहरणाच्या कथेत नेहमीची कलाटणी उशिरा येते. जवळचा माणूसच फितूर निघतो, ओलीस ठेवलेली व्यक्तीच कटात सामील असते, पोलीस अधिकारीच सूत्रधार असतो. प्रेक्षकापासून काहीतरी लपवलेलं असतं आणि शेवटी झाकण उघडतं. ज्यांनी असे दहा-बारा चित्रपट पाहिले आहेत ते तिकीट काढतानाच संशयितांची यादी करून बसतात.

इथे सगळ्यात मोठी कलाटणी सुरुवातीलाच येते आणि तिच्यात लपवलेलं काहीच नसतं. मुलगा बदलला आहे हे आपल्याला, बापाला आणि थोड्याच वेळात पळवणाऱ्यालाही कळतं. मग पळवणारा पुन्हा फोन करतो आणि सांगतो: हरकत नाही, पैसे तूच द्यायचे. इथपर्यंत प्रश्न 'मुलगा सुटेल का' असा होता. आता तो 'हा माणूस दुसऱ्याच्या मुलासाठी भिकेला लागेल का' असा झाला. पटकथा लिहिणाऱ्यांनी ही जागा थांबून पाहावी. नवी माहिती एका वाक्याची आहे, पण तिनं बघणाऱ्याची बसायची जागा बदलली. आधी आपण बापाच्या बाजूनं होतो. आता त्याच्याकडे रोखून बघतो आहोत.

जवळजवळ पहिला तासभर कॅमेरा बंगल्यातून बाहेर पडत नाही. एक मोठा दिवाणखाना, रुंद पडदा आणि सात-आठ माणसं. पळवणाऱ्याला खालच्या वस्तीतून हे घर दिसतं, म्हणून पोलीस दुकानाचा माल पोचवणाऱ्यांच्या वेशात येतात आणि पडदे ओढेपर्यंत जमिनीवरून सरपटतात. ड्रायव्हर आओकी (युताका सादा) मालकाच्या पायाशी डोकं टेकवून मुलाचे प्राण मागतो. मालक तोंड फिरवतो. बायको रेइको (क्योको कागावा) विनवते, तिला हा ऐषोआराम गेला तर चालेल असं वाटतं. गोंदो तिला सुनावतो की तू गरिबी पाहिलेलीच नाहीस. कुरोसावा हे सगळं लांबलचक, न तोडलेल्या दृश्यांत दाखवतो. कुणाला कुठे उभं केलं आहे, कुणाची पाठ कुणाकडे आहे, यातून घरातली उतरंड दिसत राहते. आओकी बहुतेक वेळा कोपऱ्यात, मान खाली. जीव त्याच्या मुलाचा टांगणीला लागलेला आहे आणि खोलीत सर्वांत कमी जागा त्याला आहे.

सकाळी दुसरा धक्का बसतो. सेक्रेटरी कावानिशी, जो ओसाकाला जायचा होता, तो रात्रीत विरुद्ध गोटात जाऊन सगळा बेत फोडून आला आहे. मालक पैसे देऊन बुडणार असा त्याचा हिशोब, मग आपण का बुडायचं? घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. ही कलाटणी तशी ओळखीची आहे, पण तिनं एक गुंता करून ठेवला आहे. त्यानंतर गोंदो पैसे द्यायला तयार होतो. ते माणुसकीनं, की आता डाव हातून गेलाच म्हणून? चित्रपट सांगत नाही. मिफुनेचा चेहराही सांगत नाही. मला वाटतं दोन्ही आहे, आणि दोन्ही असणं हेच खरं आहे.

सात सेंटिमीटर

पैसे दोन बॅगांत भरायचे आणि बॅगेची जाडी सात सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, अशी अट फोनवर येते. का, ते कुणालाच कळत नाही. पोलीस बॅगेत दोन पुड्या दडवायचं ठरवतात. एक पाण्यात पडली तर उग्र वास सुटेल, दुसरी जाळली तर रंगीत धूर निघेल. त्या शिवायच्या कशा? गोंदो आपली जुनी हत्यारं मागवतो आणि खाली बसतो. आरी, दोरा, चामडं. कालपर्यंत कंपनीचा मालक व्हायला निघालेला माणूस पुन्हा शिकाऊ कारागीर होऊन बॅग उसवतो आणि शिवतो. आजूबाजूचे पोलीस गप्प उभे राहतात. संवाद जवळजवळ नाहीत. सुरुवातीचा फाडलेला बूट आणि ही शिवलेली बॅग यांच्यामध्ये या माणसाची सगळी गोष्ट येऊन जाते.

मग एका झटक्यात आपण 'कोदामा' एक्स्प्रेसमध्ये असतो. ही तोक्यो-ओसाका धावणारी विजेवरची जलद गाडी १९५८ मध्ये सुरू झाली होती. बुलेट ट्रेन यायला अजून दीड वर्ष होतं, ती आली १ ऑक्टोबर १९६४ ला आणि तिच्या एका सेवेनं 'कोदामा' हेच नाव घेतलं. गाडी वातानुकूलित, त्यामुळे खिडक्या बंद. पोलिसांचा कयास की गुन्हेगार डब्यातच असणार. पण गाडीत टेलिफोन आहे. गोंदोला तिथे बोलावलं जातं आणि सूचना मिळते: साकावा नदीचा पूल येईल, अलीकडच्या काठावर मुलगा दिसेल, पूल संपताना बॅगा बाहेर टाक. कुठून? स्वच्छतागृहाच्या खिडकीतून. ती एकच खिडकी उघडते आणि ती सात सेंटिमीटरच उघडते.

सात सेंटिमीटरचं कोडं सुटल्याचा आनंद आणि संताप एकदमच होतो. गुन्हेगार हुशार आहे, त्यानं गाडीची मापं काढलेली आहेत, आणि पोलीस मिनिटा-दीड मिनिटात काहीही करू शकत नाहीत. ते धावत्या गाडीतून कॅमेऱ्यानं चित्रण तेवढं करतात. हा प्रसंग खऱ्या गाडीत, अनेक कॅमेरे एकाच वेळी लावून चित्रित केला. गाडी मागे घेऊन पुन्हा करू म्हणायची सोय नव्हती. नदीकाठच्या एका घराचा वरचा मजला दृश्याच्या आड येत होता म्हणून तो तेवढ्यापुरता उतरवून घेतला, असा किस्सा सांगतात. कुरोसावाचा हट्टी स्वभाव पाहता तो खोटा वाटत नाही.

मुलगा सुटतो. चित्रपट अजून अर्ध्यापर्यंतच आलेला असतो.

नायक बाजूला, गुन्हेगार समोर

आता बहुतेकांना वाटतं की दुसऱ्या अर्ध्या भागात गोंदो स्वतः सूड घ्यायला निघेल. मिफुने आहे, निघायलाच हवा. कुरोसावा त्याला जवळपास कथेबाहेर ठेवतो. पुढचा भाग इन्स्पेक्टर तोकुरा (तात्सुया नाकादाई) आणि त्याच्या माणसांचा. आणि लगेचच, कसलाही गाजावाजा न करता, गुन्हेगार दाखवला जातो. घाण पाण्याच्या कालव्याकाठून एक तरुण चालत खोलीवर जातो. खिडकीतून वर टेकडीवरचा बंगला दिसतो. हा ताकेउची, इस्पितळातला शिकाऊ डॉक्टर (त्सुतोमु यामाझाकी). कोण, हा प्रश्न संपला. उरला तो कसा पकडणार, आणि का.

मधला तपास मी भराभर सांगतो, कारण त्याची गंमत पाहण्यातच आहे. पोलीस ठाण्यात एक लांबलचक बैठक होते. घामानं चिंब झालेले शिपाई एकेक करून उभे राहतात आणि मिळालेली कणभर माहिती मांडतात. कुणी फोनच्या बूथवरून बंगला दिसतो का हे पाहून आला आहे, कुणी चोरीच्या गाडीवरची घाण कुठली ते शोधून. टेपवर फोनच्या मागे गाडीचा आवाज आहे, तो एनोदेन या छोट्या लोकल रेल्वेचा असल्याचं एक रेल्वे कर्मचारी कानानं ओळखतो. सुटलेला मुलगा समुद्र आणि फुजी पर्वताचं चित्र काढतो. दुसरीकडे आओकी पोलिसांना न सांगता मुलाला गाडीत घालून ती जागा शोधत फिरत असतो, कारण मालकाच्या उपकाराचं ओझं त्याला सहन होत नाही. जागा सापडते. तिथे मुलाला सांभाळणारं गर्दुल्लं जोडपं मरून पडलेलं आहे. जास्त शुद्ध हेरॉइन देऊन त्यांचा काटा काढला आहे.

पुढे एक दिवस मुलं खिडकीतून बाहेर बघतात आणि काळ्या-पांढऱ्या शहरावर गुलाबी धूर उठलेला असतो. अख्ख्या चित्रपटात रंग तेवढाच. इस्पितळाच्या भट्टीत बॅग जळली. गोंदोच्या हातचा टाका कामी आला.

ज्या कलाटणीबद्दल कुणी बोलत नाही

हे प्रकरण मी निवडलं ते खरं तर इथून पुढच्या अर्ध्या तासासाठी.

पोलिसांना आता गुन्हेगार माहीत आहे, त्याचा पत्ता माहीत आहे. पकडायला काही हरकत नाही. पण तोकुरा म्हणतो, थांबा. आत्ता पकडला तर अपहरण आणि खंडणीचे फार तर पंधरा वर्षं मिळतील. दोन खून सिद्ध करायचे असतील तर त्याला रंगेहाथ धरायला हवा. मग सापळा रचतात. वर्तमानपत्रांना विश्वासात घेऊन जोडप्याच्या मृत्यूची बातमी दाबली जाते, खंडणीतली नोट बाजारात आल्याची बातमी पेरली जाते, आणि मेलेल्या जोडप्याच्या नावानं ताकेउचीला चिठ्ठी पोचते: आणखी माल हवा. त्याला वाटतं ती दोघं जिवंत आहेत. म्हणजे आता त्यांना पुन्हा मारायला हवं.

तो एका गर्दीच्या बारमध्ये, परदेशी सैनिकांच्या नाचगाण्यात, हातातल्या हातात हेरॉइन घेतो. पोलीस मागावर. तो कोगानेचोच्या गल्लीत शिरतो. योकोहामातली ही वस्ती त्या काळात नशेच्या धंद्यासाठी बदनाम होती. पडद्यावर ती जिवंत माणसांच्या स्मशानासारखी दिसते: भिंतीला घासत चालणारी, थरथरणारी, नखांनी काचा ओरबाडणारी माणसं. माल पुरेसा जालीम आहे का हे ताकेउचीला तपासून बघायचं आहे. तो एक नशेसाठी तडफडणारी बाई निवडतो आणि तिला पुडी देतो. ती मरते. तो समाधानानं पुढे निघतो. पोलीसही त्याच्या मागोमाग.

पोलिसांनी तिला मारायचं ठरवलं नव्हतं. तो असं करील हे त्यांच्या हिशोबात नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. पण त्याला मोकळा त्यांनी ठेवला, जास्त मोठी शिक्षा मिळावी म्हणून. ड्रायव्हरच्या मुलासाठी तीन कोटी येन मोजले गेले, शहर हळहळलं, लोकांनी गोंदोला पत्रं पाठवली, त्याला काढून टाकणाऱ्या कंपनीवर लोक चिडले. या बाईसाठी कुणी पाच मिनिटं थांबत नाही. तिला नावही नाही. पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा ती माझ्याही लक्षात राहिली नव्हती, मी पाठलागात गुंगलो होतो. दुसऱ्या वेळी ध्यानात आलं की सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारला गेला होता, आणि या खेपेला मीही तिला कार्टं म्हणून सोडून दिलं होतं.

कुरोसावानं हे जाणून केलं का? मला खात्रीनं सांगता येत नाही. अपहरणाला जपानी कायद्यात फार हलकी शिक्षा आहे, याचा त्याला राग होता आणि तो त्यानं बोलून दाखवला होता. त्या वेळच्या दंड संहितेच्या कलम २२५ प्रमाणे फायद्यासाठी केलेल्या अपहरणाला एक ते दहा वर्षं शिक्षा होती. तोकुराचा पंधरा वर्षांचा हिशोब हा दिग्दर्शकाचाच राग आहे. त्या रागाच्या भरात बाई त्याच्याही नजरेतून निसटली, असं म्हणता येतं. पण कोगानेचोचा प्रसंग ज्या सावकाशीनं, ज्या भयानक जवळून घेतला आहे तो पाहिला की वाटतं, निसटलेली गोष्ट कुणी अशी टिपत नाही. माझं झुकतं माप दुसऱ्या बाजूला आहे.

चित्रपटाबाहेर जे घडलं ते आणखी विचित्र. प्रदर्शनानंतर महिना होतो न होतो तोच, ३१ मार्च १९६३ ला तोक्योच्या ताइतो भागातून चार वर्षांचा एक मुलगा पळवला गेला. खंडणी मागितली पाच लाख येन. पोलिसांच्या हातून पैसे देण्याच्या जागी गफलत झाली आणि गुन्हेगार पैसे घेऊन निसटला. मुलाला आधीच मारलेलं होतं. दोन वर्षांनी आरोपी सापडला, १९७१ मध्ये त्याला फाशी झाली. या चित्रपटाची जाहिरात पाहून कल्पना सुचली असं त्यानं सांगितल्याचं नोंदलं गेलं आहे. १९६४ मध्ये जपाननं कायदा बदलला आणि खंडणीसाठी अपहरणाचं वेगळं कलम घालून जन्मठेपेपर्यंत शिक्षा वाढवली. ज्या हलक्या शिक्षेवर चित्रपट बोट ठेवत होता ती गेली, पण मधल्या काळात एका घरातलं पोर गेलं. भारतात हे वेगळं कलम, ३६४-अ, दंड संहितेत १९९३ मध्ये आलं. त्यात फाशीचीही तरतूद होती.

थोडं आपल्याकडे

ही गोष्ट हिंदीत १९७७ मध्ये आली, राज एन. सिप्पी यांचा 'इनकार'. बुटांच्या कंपनीच्या मालकाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, पोलीस अधिकारी विनोद खन्ना, गुन्हेगार अमजद खान. मिफुने जिथे फुटायच्या बेतात आलेल्या वाफेच्या भांड्यासारखा आहे, तिथे लागू आतल्या आत आवळत जातात. मराठी रंगभूमीवरचा त्यांचा तो ओळखीचा जबडा इथे फार उपयोगी पडतो. पण चित्रपट लोकांच्या लक्षात राहिला तो दारूच्या गुत्त्यात हेलन नाचते त्या 'मुंगळा'मुळे. आवाज उषा मंगेशकरांचा, संगीत राजेश रोशनचं. मी हे कुजकटपणे म्हणत नाही, गाणं फक्कड आहे. पण त्या गाण्याकडे पाहिलं की कळतं, मूळ चित्रपटातला नरक हिंदीत येताना गुत्ता झाला. गुत्त्यात माणसं झिंगतात, मरत नाहीत. २०२५ मध्ये स्पाइक ली यांनी डेंझेल वॉशिंग्टनला घेऊन हीच गोष्ट न्यूयॉर्कच्या संगीत व्यवसायात नेली. चुकीचा मुलगा तिथेही आहे. बासष्ट वर्षांनीही तो प्रश्न जुना झालेला नाही, कारण घरी काम करणाऱ्यांची मुलं अजून मालकाच्या मुलांबरोबर खेळतात आणि अजूनही कपड्यांवरूनच ओळखू येतात.

परत आलेले पैसे

ताकेउचीला पकडतात. तोकुरा त्याला तिथल्या तिथे सांगतो की आता तुला फाशीच. खंडणीतले बहुतेक पैसे सापडतात. पोलीस ते घेऊन गोंदोकडे जातात, तर घरातल्या सामानावर जप्तीच्या चिठ्ठ्या लागलेल्या. सावकारांची मुदत उलटून गेली आहे, घर लिलावात निघालं आहे. पैसे परत मिळाले, पण ज्या दिवशी हवे होते त्या दिवशी नाही. मला ही चित्रपटातली सर्वांत क्रूर कलाटणी वाटते, कारण ती कुणीही केलेली नाही. फक्त तारखा चुकल्या.

त्याआधी एक छोटा प्रसंग आहे. गोंदो रस्त्यावर बुटांच्या दुकानाच्या काचेत बघत उभा आहे. ताकेउची, ज्याच्यावर त्या वेळी पाळत आहे, गोंदोपाशी जातो आणि सिगारेटसाठी विस्तव मागतो. गोंदो देतो. ज्यानं आपल्याला रस्त्यावर आणलं तो हाच, हे त्याला ठाऊक नाही. मागावरच्या पोलिसांच्या अंगावर काटा येतो.

शेवटी तुरुंग. फाशीच्या आधी ताकेउची धर्मोपदेशकाला नाकारतो आणि गोंदोला भेटायला बोलावतो. गोंदो आता एका छोट्या बूट कंपनीत आहे, तिथे त्याला हवे तसे बूट बनवू देतात. दोघांमध्ये जाळी आणि काच. अपहरणपट बघून बघून आपण इथे एक शेवटची गाठ सुटायची वाट पाहत असतो: हा गोंदोच्या कारखान्यातून काढलेल्या कामगाराचा मुलगा असेल, त्यानं कधी याचा अपमान केला असेल, काहीतरी देणंघेणं असेल. तसलं काही निघत नाही. ताकेउची एवढंच सांगतो की माझी खोली हिवाळ्यात गोठायची, उन्हाळ्यात तापायची, झोप यायची नाही, आणि तिथून तुमचं घर स्वर्गासारखं दिसायचं. रोज बघता बघता द्वेष वाढला. बस. त्याला गोंदो माहीतच नव्हता, नुसती त्याची खिडकी माहीत होती.

तो हसत बोलायला लागतो. मला घाबरलेला समजू नका, नरकाची भीती नाही, असं म्हणतो. मग हात कापायला लागतात, थांबत नाहीत. तो किंचाळत जाळीवर झेपावतो, पहारेकरी त्याला मागे ओढतात. या दृश्यात काचेवर गोंदोचा चेहरा उमटतो आणि पलीकडे ताकेउचीचा, आणि काही क्षण कुठला कुणाचा ते सांगता येत नाही. चित्रपटाचा शेवट मुळात वेगळा होता, गोंदो आणि तोकुरा बोलत चालले आहेत असा. तो चित्रितही झाला होता. यामाझाकीचं हे काम पाहिल्यावर कुरोसावानं तो कापून टाकला. त्या तेव्हाच्या नवख्या नटानं उस्तादाचा शेवट बदलायला लावला.

लोखंडी झडप धाडकन खाली येते. इकडे गोंदो खुर्चीत बसलेला, पाठ आपल्याकडे, तोंड बंद झडपेकडे. तो उठत नाही.